निजून केलेली मास्तरकी

दुसरीत दोनदा नापास झालो तेव्हा मास्तर बापाला म्हणाले, याला ओझी उचलायला लावा. मी उचलली. जळगावच्या जिनात कापसाची पोती एकटा पाठीवर घ्यायचो आणि कोणी हात लावायला आलं तर शिव्या द्यायचो. पुढे इंग्रजांच्याच राज्यात धुळ्याच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय लागलो, तरी ताठा तोच. पेशंट उचलीन तर मीच.

तिथे नर्सिंग शिकायला मुली येत आणि थोड्याच दिवसांत कंबर धरून बसत. शिकवणाऱ्या मोठ्या बाई पुण्याकडच्या. त्या रोज सांगत, "पाय फाकवा, गुडघे वाकवा, पेशंटला अंगाशी धरा. कंबरेतून वाकू नका." पण आमच्याकडच्या मुली परक्या पुरुषासमोर पाय फाकवून उभ्या राहतील होय? पाय जुळवून, हात लांब करून त्या माणूस उचलत, चुलीवरून तापलेलं पातेलं उतरवावं तशा. सगळा भार कंबरेवर.

त्यांत साक्रीकडची एक विधवा पोरगी होती, काडीसारखी. तिची कंबर आधीच धरली होती. बाईंनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "आज नीट उचललंस तर राहशील. नाहीतर घरी जा. मोडून पडलेली नर्स मला नको." घर म्हणजे भावजयीचं. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

उचलायचं कोणाला? बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मला? बाई, मला आजवर फक्त आईनं उचललंय!"

"मग आज ही उचलेल. निजा."

निजलो. पोरगी आली; पाय जुळवलेले, हात लांब. तिनं खांद्याखाली हात घातला आणि मी, चांगला पाच पोरांचा बाप, लाजून लाकूड झालो. मान वळेना, गुडघा वाकेना. ती कळवळून मागे सरली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा अत्तरवाला ओरडला, "क्यों भाऊ, अपनी शादी में भी इतना शरमाया था?" सगळा वॉर्ड हसला.

"अजून एकदाच," बाई म्हणाल्या.

पोरगी माझ्या कानाशी आली. "आबा, तुम्ही मना बापना जागे शेतस. अंग सैल सोडा. नहीते ह्या माले घर धाडतीन."

बापाच्या जागी म्हणाली मला! आली का पंचाईत! अंग सोडावं तर वॉर्डात माझी इज्जत जाणार, न सोडावं तर पोरगी जाणार. डोळे मिटले आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. तिनं पदर खोचला, पाय फाकवले, गुडघे वाकवून मला अंगाशी ओढलं, आणि डोळे उघडतो तर मी खुर्चीत!

"राहिलीस," बाई म्हणाल्या. मग उरलेल्या मुलींकडे वळल्या. "आता तुम्ही. एकेक करून."

म्हणजे पुन्हा मीच. त्या दिवशी खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर इतका गेलो की दुपारची भाकरी पोटात ठरली नाही.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आज काय काम केलं?"

"पोरींना शिकवलं."

"तुम्ही? अहो, काय?"

"कंबर सांभाळायला." निजून शिकवलं, हे काही सांगितलं नाही.

पुढे नव्या मुली आल्या की ती साक्रीचीच त्यांना शिकवायची. मला खाटेवर निजवायची आणि म्हणायची, "जवळ धरा, भिऊ नका. आबा आधी लाकूड होतात. जरा थांबायचं, मग उचलायचं."