बीडचा फ्लॅट माझ्या नावावर

मी मस्कतला नर्स होते. नव्वदनंतर बीडमध्ये फ्लॅटच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा तिथल्या एका बिल्डरनं परदेशात कमावणाऱ्या आमच्यासारख्यांना गाठलं. रंग, पंखे, भाडेकरू, सगळं तयार; तुम्ही फक्त सही करायची. मी न बघताच फ्लॅट घेतला.

गेवराईत माझ्या थोरल्या भावाचं, आण्णाचं, किराणा दुकान होतं. तो फोनवर म्हणाला, "तुझं लगीन न्हाई, मागं कुनी न्हाई. माझ्या नावावर कर."

"कमावती मी, तर नाव बी माझंच राहील," मी म्हणाले. देखरेख तेवढी त्याच्याकडे दिली.

पहिला भाडेकरू गेला आणि बँकेत भाडं यायचं थांबलं. विचारलं की आण्णा म्हणायचा, "मानूस मिळंना." सुट्टीवर आले तेव्हा गेवराईला न जाता मी थेट बीड गाठलं. दार उघडलं वहिनीच्या भावानं. अंगात बनियन, आत बायको पोळ्या लाटत होती.

"आण्णांनीच राहा म्हनले, आक्का," तो म्हणाला. "घरचंच हाय की."

"घरचंच हाय. मंग मी बी इथंच राहते."

मी बॅग आतल्या खोलीत ठेवली आणि कॉटवरची त्यांची गादी उचलून बाहेरच्या खोलीत टाकली. राग इतका होता की भीतीला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा आला. "पाव्हन्यांना बाहेर काढती व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठव. मी सांगते."

तो जेवला नाही, तसाच गेला. मी मात्र हलले नाही. आठवड्याच्या आत पाहुण्यांनी सामान टेम्पोत भरलं.

नंतर फ्लॅट मी एका शिक्षिकेला भाड्यानं दिला. तिनं नवरा सोडला होता, म्हणून गावात कुणी तिला खोली देत नव्हतं.

"नवरा सोडलेल्या बाईला कावून दिलं?" आण्णानं विचारलं.

"मला तर नवराच न्हाई. मला बी काढतू का?"

पुढची काही वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही. पुढच्या सुट्टीत त्याच इमारतीतला वरचा फ्लॅट घेतला, या वेळी भिंती ठोकून बघून.