वारंगा फाट्याचे हवावाले मामा

हवावाले मामा टायरशी बोलतात, असं फाट्यावर म्हणायचे. खरं तर टायर त्यांच्याशी बोलायचं. लाकडी दांडका टायरवर एकदा हाणायचा, मान तिरकी करून ऐकायचं आणि सांगून टाकायचं, "आतल्या बाजूचं कमी हाय." मीटर लावला की तेच निघायचं. टायरवरून ते मालकसुद्धा ओळखायचे. घासून गुळगुळीत झालेली टायरं दिसली की म्हणायचे, "ह्याच्याकडं कामाला जाऊ नको रे बाबा. टायरला जपत न्हाई, तो ड्रायव्हरला काय जपंल!" पंक्चर काढायला आलेल्या कितीतरी नव्या ड्रायव्हरांना त्यांनी असं परस्पर वाचवलं.

मी त्यातलाच एक. चार वर्षं हैदराबाद-इंदूर अशा लांबच्या लाइनवर क्लीनर होतो. जड वाहनाचं लायसन हातात आलं आणि त्याच महिन्यात आईला लकवा झाला. डावी बाजू गेली. सकाळी आणि संध्याकाळी तिला उचलून बसवावं लागायचं, आणि ते माझ्या बायकोच्या एकटीच्या ताकदीबाहेरचं होतं. म्हणजे मला रोज घरी परत आणणारं, जवळपासचंच काम हवं होतं. पण नव्या ड्रायव्हरला लोकल गाडी देतो कोण? ती कामं जुन्या माणसांनी घट्ट धरून ठेवलेली.

पहिल्यांदा मी स्वतःच्या अकलेनं गेलो. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, आणि थेट नांदेडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यासमोर उभा राहून "काम आहे का?" त्यानं विचारलं, "लाइनवर जाशील?" माझ्या तोंडून "जाईन की" निघून गेलं. गुवाहाटीची गाडी ठरवून मी पेढे घेऊन मामांकडे आलो. मामांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि विचारलं, "मंग आईला कोन उचलंल? गुवाहाटीवाला येऊन राहिला का?"

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"काहून न्हाई सांगितलं त्याला, की मला सांजच्याला घरी पायजे?"

"लाज वाटली, मामा."

"व्वा रे बहाद्दर! काम मागायला लाज न्हाई, गरज सांगायला लाज! जा, पह्यले फोन करून न्हाई म्हन." दुसरा पेढा मात्र त्यांनी सोडला नाही.

मग मामांनी मला हाताशी धरलं. कळमनुरीकडे एक हळदीचे व्यापारी होते. त्यांच्या गाडीची टायरं मामांना पसंत होती आणि त्यांचा जुना ड्रायव्हर गुडघ्यांमुळे काम सोडणार, ही खबरही होती. मी लगेच निघालो तर मामांनी शर्ट धरून मागे ओढलं. "आधी रस्ते पाहून ये. शेठला ड्रायव्हर नको असतो लेका, गाडी बराबर वापस यायला पायजे असती." दोन दिवस मी मोटारसायकलवर औंढा, कळमनुरीकडची खेडी पालथी घातली. कुठल्या गल्लीत विजेची तार खाली लोंबते, कुठल्या पुलाचा कठडा अंगावर येतो, कुठल्या गावात मारुतीच्या पारापाशी ट्रक वळतच नाही, सगळं डोक्यात भरून आणलं. मामांनी शाळेतल्या गुरुजींसारखी तोंडी परीक्षा घेतली. पास केलं, पण गॉगल काढून घेतला. तो गॉगल पुढे महिनाभर त्यांच्याच डोळ्यांवर होता.

"सकाळी जाऊ नको," त्यांनी बजावलं. "सकाळी शेठच्या डोक्यावर हमाल आन् वजनकाटा बसलेला असतो. दुपारी जेवन झाल्यावर जा. काम हाय का म्हनू नको. गाडी कोन्या गावाला जाती ते इचार."

मी तसंच विचारलं. शेठनी एक गाव सांगितलं. मी म्हणालो, "तिथं शाळेपुढं तार खाली आहे शेठ, गाडी मागच्या रस्त्यानं घालावी लागते." शेठनी दात कोरायचं थांबवलं. मग मी एका दमात आईचं सांगून टाकलं. त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली, "चला, त्याच गावातून माल आणू."

मामांची आठवण ठेवून गाडीभोवती फिरलो, टायरं ठोकली, केबिनमध्ये देवाचा फोटो म्हणून चपला खाली काढल्या आणि वर चढलो. गाडी झकास चालवली. तारेखालून नाही, मागच्या रस्त्यानं नेली. गावात पोचून खाली पाय टाकला तेव्हा कळलं, चपला शेठच्या दारातच राहिल्या! चढताना पायाशी काढल्या, त्या वर घ्यायच्याच विसरलो. भर उन्हात अनवाणी, हळदीच्या पोत्यांमधून मी नाचत नाचत माल भरून घेतला. शेठ पोट धरून हसले. परत आल्यावर म्हणाले, "चपला उचल, आन् उद्या आठला ये. पाचला तुला मोकळं करतो."

घरी गेलो तर पाय घोट्यापर्यंत पिवळेजर्द. बायको म्हणाली, "दुसरं लगीन लावून आलात का काय?" आई अर्ध्या तोंडानं हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

ह्याला सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर मामांनी दुकान बंद केलं. जिंतूरला लेकीकडे जायचं ठरलं. सामान न्यायला शेठनी गाडी दिली. मामांनी सवयीनं दांडका हाणला, मान तिरकी केली. पुन्हा हाणला. मग दांडका माझ्या हातात दिला. "तू ऐक बाबा. मला आता टायर ऐकू येत न्हाई." मी सगळी टायरं ठोकली आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बराबर आहेत, मामा!"

जिंतूरला उतरताना मामा पायानं खाली काहीतरी चाचपायला लागले. चपला फाट्यावर, बंद दुकानापुढे! आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून वेड्यासारखे हसलो. लेकीनं जेवायचा आग्रह केला तर मामाच आडवे आले. "त्याला थांबवू नको. त्याची माय वाट पाहून राहिली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तीस वर्षं लाइनवर होतो. माह्या मायला मी एकदाच उचललं रे, ते बी चौघांसंगं. जाय तू."

त्या दिवशी उन्हं असतानाच मी घरी पोचलो. आईला उचलून बसवलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

मामांच्या चपला माझ्याकडेच आहेत. त्यांना फोनवर आता ऐकू येत नाही. लेक बोलते आणि त्यांचा निरोप सांगते, "बाबा इचारून राहिले, आईला बसवलं का?" चपलांचं ते एकदाही विचारत नाहीत.