आर्टेमिसचं सांबर

सांबराला गोळी लागली की नाही, यावर त्या सकाळी कॅम्पमध्ये दोन मतं होती, आणि ती दोन्ही एकमेकांपर्यंत पोचवण्याचा पगार मला मिळत होता.

"बाई, साहेबाले सांगा, लागली हाय," सुखराम म्हणाला. "गवताले रगत हाय. मी आत्ता पाहूनच येऊन राह्यलो."

"क्लीन मिस," गोळी झाडणारे हॅरिससाहेब म्हणाले आणि त्यांनी कॉफी ओतून घेतली.

निशा, कबीर, आधी माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तुमच्या आजोबांची बालाघाटच्या कोर्टातली वकिली तेव्हा नवी होती. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली. गावात एक शिकार-कंपनी होती. शिकारीवर अजून बंदी आली नव्हती. जंगलाचे तुकडे पाडलेले असत, त्यांना ब्लॉक म्हणत. सरकार परमिट देई आणि कोणतं जनावर किती मारायचं ते त्यावर ठरलेलं असे. परदेशातून लोक येत, त्यांना क्लायंट म्हणायचं. त्यांचा पत्रव्यवहार टाइप करणं आणि थंडीत कॅम्पवर दुभाष्याचं काम करणं, ही माझी नोकरी. दुभाष्यानं आपलं मत द्यायचं नसतं. एकाचं बोलणं उचलायचं आणि दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायचं.

सुखराम कटंगीकडचा. जनावरांचा माग काढणं हे त्याचं काम. टेंभरेसाहेब कंपनीचे मालक.

आता त्या सकाळची अडचण. नियम असा होता की जखमी जनावर मारलेलंच धरायचं. आणि ते शोधून त्याचे हाल संपवल्याशिवाय दुसऱ्या शिकारीला जायचं नाही. हॅरिससाहेबांचा कॅम्पवरचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी त्यांना ब्लॉकच्या दुसऱ्या टोकाला वाघासाठी मचाणावर बसायचं होतं. सांबराच्या मागे गेलं तर वाघ गेला.

टेंभरेसाहेबांनी मला तंबूच्या बाजूला बोलावलं.

"बाई, जरा मवाळ सांगा ना. खरचटलं असंल म्हणा."

"सुखराम तसं म्हणाला नाही, साहेब."

"तो काय म्हणते ते मले बी समजते. हा गोरा वाघ न पाहता गेला, तं पुढच्या साली कोण येईल? तुमचे सासरे येतील काय शिकारीले?"

मी परत टेबलापाशी गेले आणि सुखराम जे म्हणाला तेच सांगितलं.

"त्याला खात्री आहे का, विचारा," हॅरिससाहेब म्हणाले.

"हौ," सुखराम म्हणाला. "काळपट रगत हाय, म्हणजे पोटात बसली. असं जनावर पाण्याकडे जाते. मेलं नसंल अजून."

मी तेही सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी रूथ बसली होती. नऊ वर्षांची. तिचे आईवडील वेगळे राहत. थंडीच्या सुट्टीपुरते वडील तिच्या वाट्याला येत आणि या सुट्टीत ते तिला घेऊन इकडे आले होते. पण मचाणावर मुलांना नेत नाहीत. तिथं शिंकही चालत नाही. म्हणून साहेब दुपारी जंगलात जात आणि रूथ माझ्याजवळ राही. हे माझ्या कामात बसत नव्हतं, पण तिथं इंग्रजी बोलणारी मी एकटीच होते.

तिच्याकडे ग्रीक देवांच्या गोष्टींचं जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. रोज ती तेच पान उघडे. आर्टेमिस. शिकारीची देवी आणि रानातल्या जनावरांचीही देवी. हरणं मारणारी तीच आणि पाडसांची काळजी घेणारीही तीच. मला पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटलं होतं. सुखरामला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय? ज्याचं रान, त्यानंच राखाव."

रूथला सर्वांत आवडे ती सुरुवात. आर्टेमिस लहान असताना वडिलांच्या मांडीवर बसते आणि मागणं मागते. मला धनुष्य द्या, कुत्रे द्या, सगळे डोंगर द्या. वडील म्हणजे देवांचे राजे. ते हसतात आणि सगळं देऊन टाकतात. "पुन्हा वाचा," रूथ म्हणे. मी पुन्हा वाची.

तीच वेळ तुमच्या आईची शाळा सुटण्याची. ती सात वर्षांची होती, घरी आत्याजवळ. वाचता वाचता मला दिसे, ती दप्तर ओट्यावर टाकते आहे, स्वयंपाकघरात डोकावते आहे. मग रूथ माझी बाही ओढे. मी ओळ चुकलेली असे.

तर त्या सकाळी साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि रूथ म्हणाली,

"डॅडी, वारा थांबलाय."

खरंच थांबला होता. चुलीचा धूर सरळ वर चालला होता. दोरीवरचे टॉवेल हलत नव्हते.

"बरं मग?"

"तिनं थांबवलाय. तुम्ही तिचं हरीण मारलंत आणि टाकून आलात. आता तुम्हाला मला तिच्याकडे देऊन टाकावं लागेल."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतेय ही?"

सवयीनं मी सरळ उभी राहिले. रूथ इंग्रजीत बोलली होती, साहेबांना इंग्रजीच येत होतं, आणि तरी दुभाषी लागत होता. नोकरीत पहिल्यांदाच मी इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर केलं.

मी सांगितलं, की तिच्या पुस्तकात एक राजा आहे. त्यानं आर्टेमिसच्या राईतलं हरीण मारलं आणि वर बढाई मारली. देवीनं वारा थांबवला. राजाची गलबतं किनाऱ्यावर अडकली. मग वाऱ्याच्या बदल्यात देवीनं त्याची मुलगी मागितली.

"आणि त्यानं दिली?"

"दिली. शेवटच्या क्षणी देवीनं तिला उचलून नेलं आणि तिच्या जागी एक हरिणी ठेवली. मुलगी वाचली. पण राजाला ती पुन्हा कधी दिसली नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "सुखरामला म्हणा, वाट दाखव. आणि ही माझ्याबरोबर येणार."

टेंभरेसाहेबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

आम्ही चौघं निघालो. पुढं सुखराम, मग साहेब, त्यांचा हात धरून रूथ, मागे मी, साडीचा काष्टा मारून. सुखराम वाकून एकेक पान दाखवी, मी सांगे, साहेब वाकत आणि रूथही वाके. नंतर नंतर मी सांगायची गरज राहिली नाही. रूथच आधी बोट दाखवायची.

दुपार कलल्यावर नाला लागला. सांबर पाण्याच्या कडेला बसलं होतं. मान वर होती. आम्हाला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. साहेबांनी रूथला माझ्याकडे दिलं. मी तिचं तोंड माझ्या पदरात घेतलं. एकच गोळी झाली.

मग साहेब नाल्याच्या काठावर दगडावर बसले. रूथ गेली आणि त्यांच्या मांडीवर बसली. नऊ वर्षांची उंच मुलगी, पाय जमिनीला टेकत होते. तिनं काय मागितलं ते मला माहीत नाही. ती कानात बोलली आणि त्याचं भाषांतर मला कोणी विचारलं नाही.

वारा सुटला का, असं तुम्ही विचाराल. नाही सुटला. संध्याकाळपर्यंत पान हललं नाही. "तिला अजून कळलं नसेल," रूथ म्हणाली.

साहेब वाघ न पाहता परत गेले. पुढच्या वर्षी आले नाहीत. टेंभरेसाहेब मला म्हणाले, "बाई, तुमाले भाषांतराचा पगार देतो, पुराण सांगाचा नाही." पण कामावरून काढलं नाही.

त्यांच्याच जीपमधून मी दुसऱ्या दिवशी घरी आले. शाळा नुकतीच सुटली होती. तुमची आई ओट्यावर बसली होती. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, चल, तुला एक नवी गोष्ट सांगते, एका देवीची.

"ते गोऱ्या पोरीले सांगितली, तेच ना?" ती म्हणाली. कॅम्पच्या ड्रायव्हरकडून तिला सगळं कळत असे.

"हो, तीच."

"मग मले नको." आणि ती दप्तर घेऊन आत गेली.

मी पुन्हा विचारलं नाही, तिनंही नाही. नंतर ती मोठी झाली, शिकली, समुद्रापलीकडे गेली. आता फोनवर हवापाण्याचं बोलते.

या नोकरीतून एवढंच शिकले, की भाषा एक असली म्हणून बोलणं पोचतंच असं नाही. मध्ये कोणीतरी लागतं. तुम्हा दोघांना मराठी अक्षरं अजून नीट लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहिलंय. तुम्हाला ते आईकडूनच वाचून घ्यावं लागेल. वाचताना ती मध्येच थांबली, तर थोडं थांबा. तिची बाही ओढू नका.