तिला जागं राहायचं होतं

त्या दिवशी सकाळी पाच वाजता मी चहा केला आणि आम्ही दोघांनी चहा-टोस्ट घेतला. तीन टोस्ट मला, दोन तिला. ती आपला टोस्ट माझ्या कपात बुडवायची, कारण स्वतःच्या चहात चुरा पडलेला तिला चालत नसे. माझ्या चहात पडला तर चालायचा. फॅक्टरीत होतो तेव्हा सकाळच्या पाळीला निघायच्या आधी असंच घ्यायचो. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी इकडे हिंदी मुलखात, रांझीच्या त्याच घरात, त्याच वेळेला तेच चालू होतं. आमच्यात याला कोणी खाणं म्हणत नाही. खाणं म्हणजे वरण-भात, पोळी-भाजी. पाहुणा नुसता चहा-टोस्ट घेऊन उठला तर ती त्याच्या मागून म्हणायची, बिचारा उपाशीच गेला.

दहा वाजता नेपियर टाउनच्या दवाखान्यात तिच्या पोटाची चरबी काढायची होती.

आता सगळे मला विचारतात, या वयात काय गरज होती. विचारणाऱ्यांचं तोंड बंद करावंसं वाटतं. तिनं दोन वर्षं भात सोडला. रोज सकाळी फॅक्टरीच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन यायची. हात वाळले, गाल बसले, पोट तेवढं जागेवर. हळदीकुंकवात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, काकू, कितवा महिना. सगळ्या हसल्या. ही पण हसली. घरी येऊन स्वयंपाक केला, मला वाढलं, आणि मग म्हणाली, मी हे काढून टाकणार. मी म्हटलं, गोणी आहे का उतरवून ठेवायला. हे मी म्हटलं. माझंच तोंड.

डॉक्टरनं दोन रस्ते सांगितले. एक, फक्त पोट सुन्न करायचं. औषधाचं पाणी चरबीत भरतात, माणूस जागा राहतो, ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही. दुसरा, पूर्ण बेहोश करायचं. डॉक्टर म्हणाला, एवढ्याशा कामाला सुन्न केलं तरी होतं आणि त्यात धोका कमी. पण काही पेशंट घाबरतात, हलतात, त्यांना बेहोशीच बरी. "आप लोग घर जाकर सोच लीजिए, फिर बता दीजिए."

मी चौथी पास. तू एवढा शिकलेला, आणि सोचायचं आम्ही. साडीच्या दुकानात बसवल्यासारखं. ही का ती. पण आता खरं सांगतो, त्यानं सोपवलं तेव्हा मला राग आला नव्हता. मला बरं वाटलं होतं. मला विचारून राहिला म्हणून.

ती बाहेर ऑटोत बसायच्या आधीच म्हणाली, "मला जागं राहायचं आहे. काय करून राहिले ते मला समजलं पाहिजे." बाळंतपणात तिला बेशुद्ध केलं होतं, आणि शुद्धीवर येईस्तोवर आमची पहिली पोरगी गेली होती. तिचं तोंड हिनं पाहिलं नाही. तेव्हापासून झोपेचं औषध म्हटलं की ती हात झटकायची.

मला हे माहीत होतं. तरी मी आठ दिवस तिच्या मागे लागलो. मशीनवर माझं बोट फाटलं होतं तेव्हा सुन्न करूनच टाके घातले होते. दुखलं नाही, पण सुई कातड्यातून जाताना दिसत होती, दोरा ओढलेला समजत होता. ते मी तिला रंगवून रंगवून सांगितलं. आणखी एक गोष्ट होती ती सांगितली नाही. ती जागी, पोट उघडं, आणि चार परके पुरुष बोलत बोलत काम करून राहिले, हे मला सहन होत नव्हतं. तिला त्याची लाज नव्हती. लाज मला होती.

शेवटी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "चला, तुमचंच होऊ द्या. डोकं नका खाऊ."

दवाखान्यानं दिलेला कागद इंग्रजीत होता. पोरगा पुण्याला, वाचणार कोण. नर्सनं तोंडी सांगितलं होतं, खाली पेट आना, म्हणजे उपाशी पोटी या. ते आम्ही पाळलं, आमच्या हिशेबानं. रात्री लवकर जेवलो, सकाळी पोळी-भाजी केली नाही.

तिथं गेल्यावर तिला हिरवे कपडे घातले, आणि नर्सनं विचारलं, "माताजी, सुबह से कुछ लिया तो नहीं? चाय-वाय?"

तेव्हा मला समजलं. तिलाही समजलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुछ नहीं लिया." नर्सनं लिहिलं आणि गेली. मी जवळ गेलो तर मला म्हणाली, "चहाच तर होता. सांगितलं तर तारीख पुढे ढकलतील, आणि मला परत एवढी हिंमत यायची नाही. तुम्ही गप बसा." मी गप बसलो. घरात आयुष्यभर बोंबललो, तिथं गप बसलो.

तासाच्या आत बेहोशीचा डॉक्टर धावत बाहेर आला. तरुण पोरगा, माझ्या पोरापेक्षा लहान. तिला आतमध्ये उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली, असं म्हणाला. मग विचारलं, "बाबूजी, सुबह कुछ खिलाया था क्या? सच बताइए."

मी म्हटलं, "नहीं."

मोठ्या दवाखान्यात नेलं. नळ्या लावल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आमचा पोरगा पुण्याहून गाडीत बसला होता, सकाळी पोचणार होता, तोवर तिला तिथंच ठेवलं. घरी माणसं जमली. तिचा धाकटा भाऊ सगळ्यात पुढे. म्हणाला, "भाऊजी, त्या बेहोशीवाल्यानं डोस जास्त दिला. उद्या वीस पोरं घेऊन जातो, एक काच ठेवत नाही." सगळे हो हो म्हणाले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. किती सोपं होतं. त्या डॉक्टर पोराला मारतील, मी घरी बसून रडीन, सगळे माझ्या पाठीवर हात फिरवतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला नाही. पहिल्या बसनं नेपियर टाउनला गेलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसलो. साडेआठला तो बेहोशीचा डॉक्टर स्कूटरवरून आला. डोळे सुजलेले. मला पाहून गाडीवरच थांबला.

मी म्हटलं, "चाय पी थी उसने. दो टोस्ट भी. मैंने दिया था. कल झूठ बोला."

त्यानं स्कूटर स्टँडवर लावली. मग म्हणाला, "कल सुबह ही ठीक से बता देते, बाबूजी, तो मैं सिर्फ़ तारीख़ बदलता."

मला एवढा राग आला की त्याची कॉलर धरावीशी वाटली. म्हटलं, खाली पेट म्हणता, चहा पण नाही हे तोंडानं काहून नाही सांगत, इंग्रजी कागद आमच्या हातात देता, निवड आमच्यावर टाकता.  मग मी म्हटलं, कागद दे.

त्यानं कोरा कागद दिला. मी मराठीत लिहिलं, तेवढंच लिहिता येतं. सकाळी पाच वाजता मी माझ्या बायकोला चहा आणि दोन टोस्ट दिले. विचारलं तेव्हा सांगितलं नाही. तिला जागं राहायचं होतं, मी राहू दिलं नाही. खाली सही केली. शेवटची ओळ त्यांच्या कामाची नव्हती, पण लिहिली.

मग मेव्हण्याला फोन लावला. तो पोरं गोळा करून निघालाच होता. म्हटलं, "ये. मी इथंच पायरीवर आहे. आधी माझ्याशी बोल, मग काचा फोड."

आणि पायरीवर बसून राहिलो.