कान तुटलेले कप

नव्वदच्या दशकात नाशिक रोडच्या पलीकडे, मळ्यातल्या आमच्या घरी, चिनी मातीचे कप दोन ठिकाणी ठेवलेले असत. स्वयंपाकघरातल्या फळीवर निळ्या फुलांचे धड कप. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेले. दलित वस्तीतून निंदणीला येणाऱ्या बायकांना चहा कोनाड्यातल्या कपांत मिळे. कारण विचारलं तर मोठी काकू सांगे, "टाकून कशाला द्यायचे? चहाच तर प्यायचाय." शिवाशिवीचं नाव कुणी घेत नसे. आईही त्याच कपांत चहा ओतत असे, हे नोंदवायला हवं.

एका वर्षी कांद्याच्या निंदणीला नऊ बायका आल्या. कोनाड्यात कप सातच होते. मी पाणी प्यायला घरात गेले, तेव्हा काकू फळीवरचे दोन कप पाट्यावर आडवे धरून वरवंट्यानं त्यांचे कान उडवत होती. एका फटक्यात, कप न फुटता. हात सरावलेला होता.

काकू चहा घेऊन बांधावर आली. बायकांच्या म्होरकीनं कपाच्या ताज्या, पांढऱ्या तुटीवर बोट फिरवलं.

"काकू, तुमच्याकडचे कप लय गुणाचे. पडले तरी कानावरच पडत्यात."

बायका हसल्या. तिनं चहा मातीत ओतला. बाकीच्यांनीही ओतला.

"निंदायला येऊ. चहा नको."

आई त्यांच्याबरोबर वाफ्यात निंदत होती. घरी येऊन तिनं फळीवरचे सगळे धड कप पाट्यापाशी मांडले आणि एकेकाचा कान उडवू लागली. तिचा हात सरावलेला नव्हता. चार कप फुटले.

"येड लागलं का गं तुला? रविवारी माझ्या पोरीला बघायला पाहुणे येनार हायेत!" काकू ओरडली.

"नवे आणा, जाऊबाई. पण सोमवारी बायकांचा चहा त्यातच जाईल. नाहीतर पाहुण्यांनाही हेच."

काकू दोन दिवस अडून बसली. शनिवारी तिनं बाजारातून डझनभर कप आणले. सोमवारी आईनं त्यातले नऊ टोपलीत घातले. काकू दारात आडवी उभी राहिली.

"सरका बाजूला. चहा गार होतोय," आई म्हणाली.

काकू सरकली. बायकांनी चहा घेतला. आईनं ते कप धुऊन परत घरातल्या फळीवर लावले.

त्या दिवसापासून काकू स्टीलच्या पेल्यात चहा पिऊ लागली. तो पेला ती स्वतः घासून वेगळा ठेवी. आईनं तो कधी हलवला नाही, आणि तिला कपाचा आग्रहही केला नाही.