ओव्हनसमोरचा पाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा हा विषय टाळते – आणि देवही बिचारा काही विचारत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या घरचे नाही, म्हणून असेल. तुम्हाला माझ्या पंक्तीला बसायचं नाहीये.

आधी एक कबूल करते – माझा हात फार चटकन उठायचा. पोळी करपली की लाटणं भिंतीवर जायचं. माझ्या मुलीच्या, पिंकीच्या पाठीवर माझी पाचही बोटं कितीदा उमटली असतील, देव जाणे. लिंबायतच्या आमच्या गल्लीत दिवसभर कापड कारखान्यांतल्या लूमची खडखड चालायची, त्यात कुणाचं रडणं कुणाला ऐकू जात नसे. बरंच आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

तर तो ओव्हन. नव्वदच्या दशकात मिळायचा तसला – ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काच असलेला. घरी साड्यांना टिकल्या लावून, डोळे फोडून मी तो घेतला होता. माझा होता तो. त्याला कमी-जास्त करायची सोय नव्हती. बटण दाबलं की तापायचा, बंद केलं की निवायचा. अर्थिंग नव्हतं, त्यामुळे हात लावला की करंट मारायचा. म्हणून घरात नियमच होता – मध्येच झाकण उघडून बघायचं तर आधी लाकडी पाटावर उभं राहायचं.

माझे केक जळायचे. कडेला कोळसा, मध्ये कच्चं पीठ. मी स्टीलचा डबा वापरायचे, चकचकीत दिसतो म्हणून, आणि केक जळला की तोच डबा मोरीत आपटायचे. त्याला सगळीकडून पोचे पडले होते. पण मला कुणी काही बोलायचं नाही. कोण बोलणार?

मग धाकटी जाऊ आली. लता. शिरपूरकडची, हळू बोलणारी. दुसऱ्याच महिन्यात तिने फळीवरचं जाड ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं, आतून तूप लावलं, मैदा भुरभुरला, तळाला वर्तमानपत्राचा गोल कापून घातला. आणि मला चार वर्षांत कळली नव्हती ती गोष्ट तिला कळली. लूम चालू असले की आमच्याकडे व्होल्टेज पडायचं, ओव्हन रडतखडत तापायचा. कारखान्यांना सुटी असली की पूर्ण करंट, केक बघता बघता करपायचा. ती कान देऊन ऐकायची. बाहेर शांत असलं तर ओव्हन अर्ध्यातच बंद करायची आणि केक आतल्या उष्णतेवर होऊ द्यायची. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाच्या पोटात आग पडते? माझ्या पडली.

पिंकीचा सातवा वाढदिवस होता, कारखान्यांच्या सुटीचा दिवस. सकाळी मी मैदा चाळायला घेतला, तर पोरगी पाय आपटत म्हणाली, "तुना नको. माले काकूनाच केक जोयजे." काकूचाच हवा. नवरा हसला, दीर हसला. लता हसली नव्हती – हे मला आज आठवतं. तेव्हा तीही हसल्यासारखी वाटली. मी चाळण तिच्यापुढे सरकवली आणि गोड आवाजात म्हटलं, तूच कर बाई. मी गोड बोलते तेव्हा मला भ्यायला हवं.

दुपारी पुरुष दारासमोर पत्ते खेळत होते, पिंकी शेजारी गेली होती. मी भांडी घासून उठले होते, फरशी ओली होती. लता पाटावर उभी राहून ओव्हनकडे वाकली. आणि मी – सांगू? सांगते.

मी पाटाला लाथ मारली.

पाय लागला, असं नाही. नेम धरून, सगळ्या अंगाचा जोर लावून मारली. पाट भिंतीवर जाऊन आदळला, तिचे पाय ओल्या फरशीवर आले आणि तोल सावरायला तिने हात टाकला तो थेट तापलेल्या झाकणावर. हात सुटेना. तोंडून आवाज निघेना, नुसते दात वाजत होते. कातडी जळाल्याचा वास आला, केकच्या वासात मिसळलेला. बटण माझ्या कोपराशी होतं. मी बघत उभी राहिले. किती वेळ? दोन श्वास असतील. त्यातल्या एका श्वासाला मला बरं वाटलं – हेही सांगायलाच हवं. मग मी बटण बंद केलं.

ती कोसळली आणि मग किंचाळली. पुरुष धावत आत आले. लताने माझ्याकडे पाहिलं. तिने माझा पाय पाहिला होता, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि ती म्हणाली, "मन्हीच चूक शे. मी पाट इसरी गयू."

पाट विसरले, म्हणाली. का म्हणाली? तिला माझ्याच घरात राहायचं होतं, म्हणून. आणि मी काय केलं? सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली – कितीदा सांगितलं होतं पाटाचं म्हणून. नवऱ्याने माझाच हात धरून मला शांत केलं. बटण वेळेवर बंद केलं म्हणून वाचवणारीही मीच ठरले.

तिची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. माझ्यासोबत करायची ते टिकल्यांचं काम सुटलं, केक सुटले. घरात तिला धांदरट म्हणू लागले. ते नाव मी पाडलं. आता ती कामरेजला वेगळी राहते. घरातल्या पोरींना अजूनही सांगते, ताई होत्या म्हणून मी वाचले. मी समोर बसून चहा पीत असते.

पण घशात अडकलंय ते त्या संध्याकाळचं. दोघे भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. मी झाकण उघडलं. बंद ओव्हनमध्ये केक आतल्या उष्णतेवर फुलून आला होता, एकही कड करपली नव्हती. सगळे परतले, मेणबत्त्या लावल्या, गल्लीतली पोरं जमली. लता खाटेवर बसली होती, हाताला कोपरापर्यंत पट्टी. पिंकीने पहिला घास खाल्ला आणि विचारलं, हा कुणी केला?

मी म्हटलं, काकूचा वाया गेला. हा मी नव्याने केला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लतानेही वाजवल्या – डाव्या हाताने, मांडीवर.