फाटकावर टांगलेले द्रव्य

तुर्भ्याच्या एका रसायन कारखान्यातील प्रयोगशाळेत माझी बहुतेक नोकरी गेली. बाहेर पडणारा माल आम्ही म्हणतो तोच आहे, अशा दाखल्यावर सही करणे हे माझे काम. नमुना तपासल्याशिवाय मी कधी सही केली नाही, याचा मला सूक्ष्म अहंकार होता. तो आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उतरला.

लिफ्टमध्ये सोसायटीचे अध्यक्ष होते. मूळचे जवळच्याच शिरवणे गावचे, मोकळ्या स्वभावाचे. मुलाने द्रोणागिरीला गोदाम घेतल्याचे त्यांनी आनंदाने सांगितले आणि विचारले, "साहेब, तुमची पोर काय करते पुन्याला?"

मुलगी पुण्यात सैद्धान्तिक भौतिकीत प्रबंध लिहीत होती. अवकाशातून आडवाटेने जाणाऱ्या बोगद्यांचा विषय. असे बोगदे फक्त समीकरणांत सापडतात, आणि तेथेही त्यांचे तोंड क्षणात मिटते. ते उघडे ठेवायचे तर शून्याहूनही कमी ऊर्जेचे काही विलक्षण द्रव्य लागते. ते कोणी पाहिलेले नाही. हे सारे सांगायला मला चार मजले मिळाले असते. पण गोदाम डोळ्यांना दिसते, त्याला शटर असते. माझ्या मुलीचे काम कशाने दाखवावे? मी हळू आवाजात म्हणालो, "एक नवंच द्रव्य शोधलंय तिनं." माझ्या हळू आवाजामुळे माणसांना माझे बोलणे खरे वाटते, हे मला ठाऊक होते.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागला. मागे आकाशगंगा आणि तिच्यापुढे, माझ्या भाचीच्या लग्नातला फोटो वापरल्यामुळे, नथ घातलेली माझी मुलगी. खाली ठळक अक्षरांत, 'विश्वातील नवीन द्रव्याचा शोध लावल्याबद्दल आमच्या सोसायटीच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे आकाशगंगेपेक्षा मोठे. सत्यनारायणाच्या पूजेला तिचा सत्कार होणार होता. पहिल्या दिवशी मी तो फ्लेक्स येताना एकदा आणि दूध आणण्याचे निमित्त काढून पुन्हा एकदा वाचला, हेही नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, फाटकावर काय लावलंय?"

"अगं, अभिनंदन आहे."

"कशाबद्दल?"

मी विषय बदलून सत्काराची तारीख सांगू लागलो. तिने मला मध्येच थांबवले.

"तो फोटो आमच्या विभागाच्या ग्रुपवर फिरतोय. गाईड मॅडमनी त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. माझा प्रबंध अजून परीक्षकांकडे जायचाय, बाबा. त्याआधी मीच खोटा दावा केला असं सगळ्यांना वाटणार. आमच्याकडे एकदा असं नाव पडलं की पुसत नाही."

पत्नीने सारे ऐकले. "अहो, कारखान्यातलं एक पिंप बाहेर सोडायला दोन-दोन दिवस लावता तुम्ही. आणि इथं तळमजला यायच्या आत शोध लावून मोकळे झालात?"

मी अध्यक्षांकडे गेलो. फ्लेक्स उतरवावा अशी विनंती केली.

"का ओ? फोटो बरा नाय आला?"

"फोटो उत्तम आहे. शोध लागलेला नाही."

"मंग लागल की. पूजेला टाइम हाय अजून."

मी त्यांना समजावू लागलो. म्हटले, हे द्रव्य नेहमीच्या द्रव्यासारखे नसते; याच्या एका प्रकाराला ढकलले तर ते दूर न जाता उलट ढकलणाऱ्याकडेच येईल, असे गणित सांगते.

"आंगावर येतं? असे दोघं हायत आपल्या कमिटीत," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "साहेब, फ्लेक्स उतरवला तं त्यावरचे सगले रुसतील. पोरीचं नाव खराब व्हतं ना? मंग पूजेला माइक घ्या नि सगल्यांदेखत सांगा. टेन्शन नका घेऊ."

मी आग्रह धरायला हवा होता. आग्रह न धरण्याला मी आयुष्यभर सौजन्य म्हणत आलो.

पूजेच्या दिवशी मुलगी आली. फाटकाशी थांबून तिने फ्लेक्सवरच्या स्वतःकडे पाहिले आणि ती आत आली. प्रसाद वाटून झाल्यावर माझ्या हाती माइक आला. मी भाषण घोटून पाठ केले होते. म्हणालो, "फ्लेक्सवरचा मजकूर चुकीचा आहे आणि ती चूक माझी आहे. माझ्या मुलीने असे द्रव्य शोधलेले नाही. उलट, असे द्रव्य विश्वात असूच शकत नाही, हे तिने सिद्ध केले आहे."

टाळ्या पडल्या. आपली कबुली आपल्याच कानांना फार सुंदर वाटली. समोर पाहिले तर मुलगी नकारार्थी मान हलवत होती. तिने पुढे येऊन माझ्या हातातून माइक घेतला.

"बाबांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, शेवटचं नाही," ती म्हणाली. "असं द्रव्य नसतंच, हे मी सिद्ध केलेलं नाही. एका विशिष्ट घडणीचा बोगदा घेतला, तर त्यात ते स्थिर राहत नाही, जरा धक्का लागला की बोगदा मिटतो, एवढंच मी दाखवलंय. बाकीच्या बोगद्यांचं मला माहीत नाही."

पश्चात्तापाच्या भरातही मी मुलीच्या पदरी एक अख्खा सिद्धान्त टाकला होता, आणि तो पहिल्या शोधापेक्षा मोठा होता.

"बाकीच्यांचं पुढच्या पूजेला सांग," अध्यक्ष मागून ओरडले. सारे हसले, तीही हसली. शाल-श्रीफळ तिने घेतले. मात्र अध्यक्षांनी तो फ्लेक्स स्वतः खाली उतरवल्यावर. रुसणारे रुसले.

तिच्या बोलण्याचे चित्रण कोणीतरी केले होतेच. तिने ते स्वतः गाईड मॅडमना पाठवले. संध्याकाळी उत्तर आले, 'वाक्य अचूक आहे.' तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. एवढ्या त्रोटक दाखल्याची किंमत घरात मला सर्वांत जास्त कळायला हवी होती.

आम्ही चहा घेत असताना चिपळूणहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. फ्लेक्सची कीर्ती तेथवर पोचली होती. "काय रे, काय शोधलं म्हणे पोरीनं?"

"दादा, त्याचं असं आहे..." मी सुरुवात केली. माझा आवाज हळू आणि विश्वसनीय झाल्याचे मला जाणवले. समोर मुलगी कप हातात धरून थांबली होती.

मी फोन तिच्याकडे दिला.